झऱ्यांची यादी कमी करा, मुक्काम वाढवा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही पाच जण पाच दिवसांसाठी कोकणात जाण्याचे ठरवत आहोत. मी, माझे यजमान, आमच्या ७२ वर्षांच्या सासूबाई, महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि नववीतली मुलगी. गाडी स्वतःची आहे आणि यजमान व मुलगा आळीपाळीने चालवतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गरम पाण्याच्या कुंडात स्नान केल्याने गुण येतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे आणि या सहलीची मूळ इच्छा त्यांचीच आहे. यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मी जी यादी केली आहे तिच्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोलीचे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूर ही कुंडे आहेत, आणि मुलांसाठी रायगड, जंजिरा व गणपतीपुळे. हे सर्व पाच दिवसांत कसे बसवावे? कोणती कुंडे चांगली आहेत? पाणी प्यावे का? मुले कंटाळतील का, हीही काळजी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची यादी मी नकाशा समोर ठेवून वाचली. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्टीत अठरा ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांपैकी निम्मी ठिकाणे तुम्ही पाच दिवसांत पाहायला निघाला आहात. ते जमणार नाही असे नाही. पण जमले तरी सासूबाईंचा बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे दुमडून जाईल, आणि ज्या गुडघ्यांसाठी ही सहल निघाली तेच अधिक दुखतील. म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे हे सर्व कसे बसवावे याचे, माझे उत्तर असे आहे की ते बसवू नये. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी हा तानसा नदीकाठचा परिसर वेगळा ठेवावा, कारण पुण्याहूनही तिकडे एक मुक्काम धरून केव्हाही जाता येते. उन्हेरे आणि सव रायगड किल्ल्याच्या सहलीत घ्यावेत. जंजिरा व गणपतीपुळे ही समुद्रकाठची ठिकाणे मुलांना नक्कीच आवडतील, पण ती या वाटेवरची नाहीत. या खेपेला संगमेश्वर आणि राजापूर हे दोनच तालुके घ्या, दोन ठिकाणी मुक्काम करा आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन रात्री राहा.

हाच पट्टा मी का सुचवतो, तेही सांगितले पाहिजे. आरवली, तुरळ आणि राजवाडी हे तिन्ही झरे संगमेश्वर तालुक्यात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ आहेत. राजापूरजवळचे उन्हाळे हे गावही शहराला अगदी लागून आहे. आणि या झऱ्यांच्या शेजारी जी दोन जुनी गावे उभी आहेत, कसबा संगमेश्वर आणि राजापूर, त्यांची श्रीमंती आजच्या प्रवाशाला महामार्गावरून अजिबात दिसत नाही. गाडी पुलावरून पुढे जाते आणि गाव खाली नदीच्या काठाला राहून जाते. उतरून, चालत, दोन वेळा गेल्याशिवाय ही गावे कळत नाहीत, आणि धावत्या यादीत नेमके तेवढेच करायला वेळ उरत नाही.

आधी पाण्याविषयी लिहितो, कारण तुमच्या घरात दोन माणसे अशी आहेत की त्यांच्याबाबत हयगय चालणार नाही.

कोकणातले हे झरे ज्वालामुखीमुळे तापत नाहीत. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि सह्याद्रीला समांतर गेलेल्या जुन्या भेगांमधून पुन्हा वर येते. पाणी किती खोलवरून आणि किती वेगाने वर आले, वाटेत त्यात थंड पाणी किती मिसळले, यावर प्रत्येक झऱ्याची ऊब ठरते, आणि म्हणून शेजारशेजारच्या गावांतही मोठा फरक पडतो. आरवलीचे पाणी साधारण ४० अंशांचे, म्हणजे अंगावर घेण्याजोगे. तुरळचे पाणी उगमापाशी ६० अंशांच्या आसपास असते. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचे तर ७० अंशांच्या आसपास. साठ अंशांच्या पाण्यात काही सेकंदांत कातडी भाजते, हे मुलांना गाडीतून उतरण्यापूर्वीच बजावून ठेवा. उगमाचे कुंड आणि स्नानाचे कुंड ही बहुधा वेगळी असतात. उगमाकडून वाहत येताना पाणी निवते आणि मग स्नानाच्या कुंडात साठते. कोणते कुठले, हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाय आत घालू नये.

तुमच्या यजमानांबाबत मी अधिक काळजीपूर्वक सांगतो. बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना हळूहळू कमी झालेली असते आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसते. अशा माणसाने पाण्यात पाय घालून 'काही नाही, सोसवते' असे म्हटले तर त्या म्हणण्यावर विसंबता येत नाही. पाऊल भाजलेले त्यांना संध्याकाळी मोजे काढताना कळेल, आणि मधुमेहात पायाची जखम बरी होणे किती कठीण असते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सहलीपूर्वी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. कुंडाशी गेल्यावर पाणी तुम्ही किंवा मुलाने कोपर बुडवून पाहावे आणि मगच यजमानांनी उतरावे. पायाला चीर, फोड किंवा भेग असेल तर उतरूच नये. दगडी पायऱ्यांवरून अनवाणी चालतानाही जपावे लागेल. कुंडाच्या कडेपर्यंत रबरी चपला घालून जाता येते का, हे तिथे विचारा. देवळाच्या आवारात अर्थातच ते चालणार नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांना उबेने आराम वाटेल, यात शंका नाही. कोमट पाण्यात स्नायू सैल होतात, सांध्यांचा आखडलेपणा काही काळ कमी होतो आणि त्या दिवशी चालणे सोपे जाते. परंतु झिजलेला गुडघा त्याने बरा होत नाही, आणि कुंडाच्या भरवशावर त्यांची औषधे बंद करू नयेत. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारूनच जा. एका वेळी दहा मिनिटे पुरेत. भरल्या पोटी नको आणि अगदी उपाशीपोटीही नको. पाण्यातून उठताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून त्यांचा हात धरून, पायरीवर क्षणभर बसवून मग उभे करावे. पायऱ्यांवर शेवाळ असते आणि खरा धोका त्या शेवाळाचाच आहे. माझे मत विचाराल तर सासूबाईंनी पूर्ण उतरण्याचा आग्रह न धरता, काठावर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडावेत आणि मांड्यांवर व गुडघ्यांवर तांब्याने पाणी घ्यावे. त्यांना हवा आहे तो शेक तेवढ्यानेही मिळतो.

पाणी पिऊ नये. त्यात क्षार अधिक असतात आणि ते उघड्यावर साठलेले असते. त्याच कारणाने डोके बुडवून स्नान करू नये, आणि मुलांनी नाकातोंडात पाणी जाईल अशी डुबकी मारू नये. पाण्याला गंधकाचा वास येतो, सडक्या अंड्यासारखा. पाच मिनिटांत तो नाकाला जाणवेनासा होतो. सासूबाईंची चांदीची जोडवी आणि मुलीचे पैंजण मात्र आधीच काढून ठेवा, कारण या पाण्याने चांदी काळी पडते.

आता कुंडांच्या रीतीविषयी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही कुंडे म्हणजे रिसॉर्टमधले तलाव नव्हेत. ती गावाची आहेत, बहुतेक ठिकाणी देवळाला लागून आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या गावातली माणसे तिथे सकाळचे स्नान करत आली आहेत. शेतावर जाण्यापूर्वी आंघोळीला आलेला म्हातारा माणूस हा तिथला यजमान आहे आणि आपण पाहुणे आहोत. त्यामुळे साबण व शाम्पू कुंडात नेऊ नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, स्नान करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत आणि प्लास्टिकच्या पिशव्या व ओले कपडे मागे ठेवून येऊ नये. काही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी, आडोशाची सोय आहे, काही ठिकाणी नाही. म्हणून तुम्ही, सासूबाई व मुलीने सुती, गडद रंगाचे, अंगभर कपडे घालूनच स्नान करावे आणि कपडे बदलण्यासाठी एक जुनी चादर बरोबर ठेवावी. पहाटे साडेसहा-सातच्या सुमारास जावे. जानेवारीतल्या त्या वेळच्या गारठ्यात पाण्यावर वाफ दिसते, गर्दी नसते आणि ऊन चढण्यापूर्वी स्नान आटोपते. दुपारी बाराला तेच कुंड तुम्हाला नकोसे वाटेल.

आरवली, तुरळ आणि राजवाडी या तिन्हींमध्ये निवड करायची तर मी राजवाडी निवडेन. आरवलीचे कुंड महामार्गाच्या कडेलाच आहे, पोहोचायला सर्वांत सोपे आहे आणि पाणीही सौम्य आहे, त्यामुळे सासूबाईंना चालण्याचा त्रास नको असेल तर ते सोयीचे. परंतु तिथे रस्त्याची वर्दळ कानाशी असते. राजवाडीला महामार्ग सोडून थोडे आत जावे लागते आणि तेवढ्यानेच सर्व बदलते. तिथे सोमेश्वराचे जुने देऊळ आहे आणि त्याच्या सभामंडपातले लाकडी कोरीवकाम तुम्ही घाई न करता पाहावे. कोकणातली देवळे म्हटली की कौलारू छप्पर आणि दीपमाळ एवढेच आपल्याला आठवते. इथल्या सुतारांनी खांबांवर आणि तुळयांवर काय काय केले आहे, ते मान वर करून पाहिल्याशिवाय दिसत नाही. कुंडाच्या तळाशी दगडांच्या फटींतून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येत असतात. मुलीला त्या दाखवा आणि पाणी कुठून येते ते तिला तिथेच सांगा, कारण नववीच्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा ते तिला तिथे अधिक पटकन समजेल.

मुक्कामासाठी संगमेश्वर किंवा देवरुख यांपैकी देवरुख बरे. तिथे राहण्याची सोय थोडी अधिक आहे, गाव उंचावर आणि शांत आहे, आणि लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय तिथेच आहे. एवढ्या लहान गावात चित्रांचा असा संग्रह जपला गेला आहे, याचे मला फार अप्रूप आहे. मुलाला चित्रकलेची आवड असेल तर तासभर काढाच. एक गोष्ट मात्र तारखा ठरवतानाच लक्षात घ्या. मकरसंक्रांतीला मार्लेश्वरची मोठी यात्रा असते, मार्लेश्वर आणि गिरिजादेवी यांचा कल्याणविधी त्या वेळी होतो आणि देवरुख परिसरातले सर्व रस्ते व खोल्या भरून जातात. यात्रा पाहण्याची इच्छा असेल तर तो अनुभव वेगळाच आहे. परंतु गुहेतल्या त्या देवस्थानापर्यंत शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात आणि सासूबाईंना ते झेपणार नाही. म्हणून संक्रांतीचे दिवस टाळून जानेवारीचा तिसरा आठवडा घ्यावा आणि २६ जानेवारीच्या जोडसुट्टीपूर्वी परतावे.

कसबा संगमेश्वरला दुपारी चारनंतर जा. संगमावरच्या या गावात कर्णेश्वराचे दगडी मंदिर आहे. चालुक्यकालीन परंपरेतले, साधारण नऊशे वर्षांपूर्वीचे. उन्हातून आत गेल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटे खांबाला टेकून उभे राहा, डोळे अंधाराला सरावले की छताच्या दगडातले कोरीवकाम एकेक थर करून उलगडत जाते. सर्वजण मोबाईलचा दिवा लावतात आणि त्याने नेमके ते कोरीवकाम सपाट दिसते. बाजूने येणाऱ्या संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पाहावे. आवारात सूर्याचेही एक मंदिर आहे, तेही चुकवू नका.

याच कसब्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान याच्या हाती सापडले. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि अलीकडे त्या स्मारकाला भेट देणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. मुलांना तिथे नेण्यापूर्वी आदल्या रात्री त्यांना नकाशावर पन्हाळा, सह्याद्रीचे घाट, संगमेश्वर आणि रायगड दाखवा. खान कोल्हापूरच्या बाजूने, इतक्या अवघड जंगलातून, इतक्या वेगाने कसा उतरला असेल, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती दरी प्रत्यक्ष पाहू द्या. मुले कंटाळतील का, असे तुम्ही विचारले आहे. मुलांना पाटी वाचून दाखवली तर ती कंटाळतात, प्रश्न दिला तर सहसा कंटाळत नाहीत.

संगमेश्वरकडून राजापूरला जाताना वाटेत दोनच थांबे घ्या. एक उक्षीची कातळशिल्पे. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट माळावर, कोरलेला मोठा हत्ती तिथे आहे आणि त्याभोवती गोलाकार कठडा बांधल्यामुळे सासूबाईंनाही फार न चालता तो पाहता येईल. कोकणातल्या या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समावेश झाला आणि उक्षी त्या स्थळांपैकी एक आहे. दुसरा थांबा वेळ उरला तरच, रत्नागिरीतला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले. पुढे त्याला रत्नागिरीत ठेवले आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. सोमवारी सरकारी संग्रहालये बहुधा बंद असतात, त्यामुळे तो वार पाहून ठरवा. रत्नागिरी शहरात मुक्काम करू नका, नाहीतर बाजार आणि समुद्र यांत एक पूर्ण दिवस जाईल.

राजापूरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक राजापूर म्हटले की 'गंगा आली का?' एवढेच विचारतात. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठचे हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. घाटावरून येणारा माल इथे गलबतांवर चढत असे. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर इथे वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा आणि दारूगोळ्याची मदत केली, आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर येऊन त्यांना त्याचा जाब विचारला, वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैद केले. आज वखारीची भव्य वास्तू पाहायला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी गलबते गावापर्यंत येईनाशी झाली आणि व्यापार इतर बंदरांकडे गेला. जे उरले आहे ते बाजारपेठेच्या रचनेत आहे. अरुंद, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्या, जांभ्याच्या चिऱ्यांची घरे, वर लाकडी माड्या आणि खाली दुकाने. पावसाळ्यात पूर आला की जवाहर चौकात पाणी भरते आणि व्यापारी माल वर हलवतात. पुराच्या पाण्याची रेघ कुठपर्यंत आली होती ते कोणत्याही दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. राजापुरी पंचे प्रसिद्ध होते. ते मिळाले तर सहलीच्या पहिल्या दिवशी मिळायला हवे होते असे वाटेल, कारण कुंडावर त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

उन्हाळे गावातले गरम पाणी चाळीस अंशांच्या थोडे वर असते, म्हणजे सोसवणारे. पाचही जणांनी निर्धास्तपणे स्नान करावे असे ठिकाण तुमच्या वाटेवर आरवलीखेरीज हेच आहे, अर्थात वर सांगितलेली पथ्ये सांभाळूनच. राजापूरची गंगा जवळच आहे. तिथली चौदा कुंडे एरवी कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी एकदा त्यांना पाणी येते, अशी परंपरा आहे, परंतु अलीकडे तो क्रम बराच अनियमित झाला आहे. जमिनीखालच्या पोकळीत पाणी एका पातळीपर्यंत साठले की ते वक्रनलिकेसारखे एकदम ओढले जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गंगा आलेली असेल तर गर्दीसाठी तयार राहा, नसेल तर कोरडी कुंडे जरूर पाहा, कारण त्यांचे बांधकाम कोरडेपणीच नीट दिसते. तिसऱ्या प्रहरी धोपेश्वरला धूतपापेश्वराच्या देवळात जा. मृडानी नदीच्या काठची ती जागा सावलीची आहे आणि सासूबाईंना तिथे बसून राहावेसे वाटेल. मुलांना हवे असेल तर तेवढ्या वेळात यजमानांनी त्यांना बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे दाखवून आणावीत. ऊन कलल्यावरच, आणि स्थानिक माणूस बरोबर घेऊन, कारण सड्यावर सावली नाही आणि वाट सहज चुकते. शिल्पांवर पाय ठेवू नये व रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नये.

जेवणाची चिंता करू नका, फक्त सकाळी सांगून ठेवा. या भागातल्या घरगुती खानावळी ताज्या तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले किंवा सार, सोलकढी आणि मासे उत्तम देतात, पण ऐन वेळी पाच माणसे दारात उभी राहिली तर त्यांचीही ओढाताण होते. यजमानांच्या जेवणाच्या वेळा पाळायच्या असतील तर हे आगाऊ सांगणे अधिकच गरजेचे आहे. गाडीत त्यांच्यासाठी फुटाणे, ग्लुकोज बिस्किटे आणि साखर असू द्या. जानेवारीत आंबा मिळणार नाही, मोहोर मात्र सर्वत्र दिसेल.

रस्त्याचे सांगायचे तर जाताना कराड, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा आणि तिथून संगमेश्वर. पुण्याहून चिपळूण सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. पहाटे निघालात तर जेवणाच्या वेळेला पोहोचाल. घाटात अवजड वाहने असतात, तिथे गाडी यजमानांनीच चालवावी. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे चालले आहे, ठिकठिकाणी वळणरस्ते असतात, म्हणून अंधार पडल्यावर त्यावरून प्रवास करू नका. गाडी नको वाटली तर कोकण रेल्वेची संगमेश्वर रोड आणि राजापूर रोड ही स्थानके आहेत, पण राजापूर रोड गावापासून बरेच दूर आहे आणि आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तेव्हा लगेच करावे लागते.

परतताना आलेल्या वाटेने जाऊ नका. राजापूरहून ओणी, पाचल करून अणुस्कुरा घाटाने मलकापूर व कोल्हापूरकडे चढा. राजापूर बंदराचा माल याच घाटाने देशावर जात असे. जुन्या फरसबंदी वाटेचे अवशेष आणि एक शिलालेख घाटमाथ्याजवळ अजून आहे. वळणे तीव्र आहेत आणि रहदारी कमी, म्हणून सकाळी लवकर निघा, पेट्रोल राजापुरातच भरून घ्या, आणि मुलगा घाटरस्त्याला नवखा असेल तर स्टिअरिंग त्याच्याकडे देऊ नका. यजमान थकलेले असतील तर अणुस्कुरा सोडून रत्नागिरीजवळचे पाली, साखरपा करून आंबा घाट घ्यावा, तो रस्ता रुंद आहे. अंतर थोडे वाढेल, पण दुपारपर्यंत कोल्हापूर गाठता येईल आणि तिथून पुणे महामार्गाने साधारण चार-पाच तासांचे आहे.